न वाजलेल्या भोंग्याची खूण

शेडचं दार उघडलं तेव्हा आतली हवा चुलीच्या तोंडासारखी अंगावर आली. पंखे बंद होते. साडेतीन हजार पक्षी चोची उघड्या टाकून, पंख सैल सोडून बसले होते आणि आवाज नव्हता. पोल्ट्रीत पाऊल टाकावं आणि कलकलाट नसावा, याच्यापेक्षा वाईट काही नाही. पंख्यांच्या बाजूला, लांबच्या भिंतीशी, ते एकमेकांवर चढून ढीग करून पडले होते. ढिगाच्या खालचे मेलेले होते.

माझ्या मागं सून उभी होती. तिच्या हातात मोबाईल, मोबाईलवर आमच्या शेडचं चित्र आणि चित्रावर हिरवा ठिपका. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

"आत्या, हे तर हिरवं दाखवतंय," ती म्हणाली.

"मंग त्यो मोबाईल पक्ष्यांना दाव," मी म्हणाले. "इळा आन आधी."

आमचं शेड बंद जातीचं आहे. दोन्ही अंगांना जाड पडदे वर ओढून बांधलेले, एका टोकाला पाण्यानं भिजत राहणारी पॅडं, दुसऱ्या टोकाला पुरुषभर उंचीचे पंखे. पंखे चालू असले तर बाहेर कितीही ऊन असो, आत गारवा. पंखे थांबले की तेच शेड भट्टी. एप्रिलात श्रीगोंद्याच्या बाजूला दुपारी एक वाजता लाईट गेली, तर तेहेतीस दिवसांचा जड पक्षी त्या भट्टीत पंधरा-वीस मिनिटं काढतो. मग मान टाकतो.

पूर्वी पडदे खाली करायला हाताची चक्री होती. मशीन बसवलं तेव्हा चक्रीचे दांडे काढून माळ्यावर टाकले होते. आता मशीनच पडदे सोडणार म्हटल्यावर दांड्यांचं काय काम? माळ्यावर चढायला वेळ नव्हता. सुनेनं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं विळ्यानं दोऱ्या कापत गेलो. तिचा अंगठा कापला. पडदे पडले, वारा आला. वारा म्हणजे गरमच, पण वारा. मग फवारणीचे दोन पंप पाठीवर घेऊन आम्ही पक्ष्यांवर पाणी मारलं. मुलगा टेम्पो घेऊन नगरला गेला होता. घरात आम्ही दोघीच.

तासाभरानं पक्ष्यांनी पुन्हा आवाज केला. तेव्हा मी खाली बसले. सून बसली नाही. ती मेलेले वेचून पोत्यात भरू लागली आणि भरताना मोजू लागली. चारशे सदतीस.

आता मशीन म्हणजे काय ते सांगते. शेडच्या भिंतीवर एक पेटी आहे. ती आतला उष्मा बघते, तारेतली लाईट बघते. लाईट गेली की जनरेटरला चालू हो म्हणते. जनरेटर मिनिटभरात चालू झाला नाही, तर तिनं भोंगा वाजवायचा आणि पडद्यांची कळ सोडायची. कळ सुटली की पडदा आपल्या वजनानं खाली येतो. पेटीची स्वतःची छोटी बॅटरी आत असते, म्हणजे गावात अंधार झाला तरी ती जागी. पेटी पुण्याच्या एका लहान कंपनीची. आणि पेटीनं काय बघायचं, कधी ओरडायचं, हे तिला शिकवणारी माणसं कंपनीत तीन. त्यांतली एक माझी सून.

ती बेलापूरची. कॉम्प्युटरचं शिकून आलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या भाकरीच्या कडा फुटायच्या, अजूनही फुटतात. ओसरीवर स्टुलावर पाय ठेवून दिवसभर लॅपटॉपपुढं बसायची. मी शेजारणींना सांगायचे, आमची सून बसून काम करते. शेजारणी हसायच्या, मीही हसायचे. तेव्हा मला ते काम आहे असं वाटत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले. माझ्या हिशोबी काम म्हणजे ज्यानं पाठ दुखते ते.

पहिली पेटी तिनं आमच्याच शेडला बसवली. येत्या सोमवारपासून तोच प्रोग्राम, म्हणजे पेटीला शिकवलेलं सगळं, बाकीच्या गावांतल्या शेडांवर चढणार होता. आणि ती स्वतः कंपनीत अजून कायम झालेली नव्हती.

पोती बांधून होईस्तोवर बांधावरून माझा दीर आला. त्याचं शेड आमच्या शेडाला लागून, तसंच बंद, पण त्याला पेटी नाही. त्याला मशीनचं वावडं आहे. लाईट गेली तेव्हा तो तिथंच होता, हातानं चक्री फिरवून त्यानं पडदे खाली केले. त्याचा एकही पक्षी गेला नाही.

"काय सूनबाई," तो दारातूनच म्हणाला, "मशीन झोपलं हुतं का?"

ती पोत्याला गाठ मारत राहिली.

"माझ्याकं मशीन न्हाई म्हनून माझं वाचलं. तुमच्याकं मशीन हाय म्हनून तुमी झोपल्या."

"भाऊजी, जनरेटर का न्हाई लागला?" मी विचारलं.

जनरेटर दोन्ही शेडांना मिळून एकच आहे. बांधावर पत्र्याच्या खोलीत ठेवलेला. दिरानं मान खाजवली. मला तेव्हाच कळलं.

"बॅटरी कुटं हाय?"

"ट्रॅक्टरला लावली हुती सकाळी. कांद्याची ट्रॉली काढायची हुती. ट्रॅक्टरची उतरलेली ना."

"मंग परत का न्हाई ठिवली?"

"जेवून ठिवनारच हुतो की वहिनी! मला काय सपान पडलं हुतं, लाईट आत्ताच जानार म्हनून?"

आमच्याकडं हे असंच चालतं. घरात यंत्रं तीन आणि चांगली बॅटरी एक. ती ट्रॅक्टरवरून जनरेटरवर, जनरेटरवरून फवाऱ्याच्या इंजिनावर फिरत राहते. ज्याला लागेल तो काढून नेतो, काम झालं की जागी ठेवतो. बहुतेक वेळा ठेवतो. सगळ्या गावात हेच, कुणाला यात गैर वाटत नाही. मलाही त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

मी दिराला बोलायला तोंड उघडलं. चारशे सदतीस पक्ष्यांचं बोलणं माझ्याकडं तयार होतं. सुनेनं हात वर केला.

"आत्या, थांबा. मामांनी बॅटरी नेली म्हणून जनरेटर लागला नाही, हे खरं. पण जनरेटर लागला नाही तर काय करायचं, त्यासाठीच तर पेटी आहे. भोंगा वाजायला जनरेटरची बॅटरी लागत नाही. भोंगा वाजला नाही, ते माझं."

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं चूक कबूल केली की त्याची फार पंचाईत होते. दीर म्हणाला, "अंगठ्याला हळद लाव," आणि गेला.

मी तिच्याकडं बघत राहिले. आमच्या घरात पन्नास वर्षांत कुणाला असं म्हणताना मी ऐकलेलं नाही. माझा नवरा म्हणाला नाही, मुलगा म्हणत नाही, मीही म्हणत नाही. तिच्या हातात आयती बॅटरी आली होती दोष ठेवायला, आणि तिनं ती घेतली नाही.

कंपनीच्या साहेबाचा फोन आला तेव्हा ती पट्टी बांधत होती, म्हणून फोन मोठ्या आवाजावर खाटेवर ठेवला. मी लसूण सोलत ऐकत होते.

"बॅटरीच नव्हती ना जागेवर? मग विषय संपला," साहेब म्हणाला. "ग्राहकाची चूक."

"ग्राहक माझीच सासू आहे, सर."

"त्यांची चूक म्हणायचं नाही मला."

"म्हना की," मी लांबून म्हणाले.

साहेब जरा अडखळला. मग म्हणाला, "हे बघा, तुमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत. जनरेटर फेल झाला तर भोंगा वाजतो, ही टेस्टसुद्धा हिरवी आहे. मी आत्ता पुन्हा चालवली. प्रोग्राममध्ये चूक नाही. सोमवारचं थांबवण्याचं कारण नाही."

"टेस्ट हिरवी आहे आणि भोंगा वाजला नाही. म्हणजे टेस्ट खोटं बोलते, सर. ती का खोटं बोलते हे कळेपर्यंत दुसऱ्यांच्या शेडवर हे चढवू नका."

"तुमच्या एका शेडसाठी सगळ्यांना थांबवू?"

"हो. थांबवा."

"तुम्हाला कळतंय ना, तुमचं कायम झाल्याचं पत्र अजून निघायचंय?"

"कळतंय."

फोन बंद झाल्यावर मी तिला विचारलं, "नोकरी जाईल का?"

"जाऊ शकते."

"मंग?"

"मग काय, आत्या? ज्यांच्या शेडवर चढेल त्यांच्या घरी विळा घेऊन धावायला कुणी असेलच असं नाही."

तिला शुक्रवार ते रविवार मिळाला. साहेब म्हणाला, रविवारपर्यंत दाखवा काय चूक आहे ती, नाहीतर सोमवारी चढणार.

शुक्रवारी सकाळी ती ओसरीवर बसली आणि मी तिच्यापुढं कांद्याची पात निवडत बसले. तिला बोलत बोलत काम करायची सवय आहे. स्वतःशीच बोलते. त्या दिवशी मी म्हणाले, माझ्याशी बोल, मला समजलं तर समजलं. तेव्हा तिनं मला तिचं काम पहिल्यांदा नीट सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी विचारलं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

तिच्या प्रोग्रामचे पुष्कळ तुकडे आहेत. एक तुकडा उष्मा बघतो, एक लाईट, एक जनरेटर, एक पाण्याची टाकी. या सगळ्यांना काही बिघडलं की ओरडायला जागा मात्र एकच. भोंगा आणि पडदे सांभाळणारा एक तुकडा आहे, तो सगळ्यांचा सामाईक. आता प्रत्येक तुकडा आपलं काम बरोबर करतो का, याची वेगवेगळी परीक्षा घ्यायची. त्या परीक्षेला ती टेस्ट म्हणते. शेकडो टेस्ट असतात आणि दिवसातून वीस वेळा घेतात. दर वेळी खरा भोंगा वाजवायचा तर गाव गोळा होईल. म्हणून परीक्षेत नकली भोंगा ठेवायचा. नकली भोंगा आवाज करत नाही. त्याला कुणी 'वाज' म्हटलं की तो आपल्या अंगावर एक खूण करून ठेवतो, एवढंच. परीक्षा संपली की खूण बघायची. खूण असली तर हिरवं, नसली तर लाल.

"हे बरंय," मी म्हणाले. हे मला मनापासून बरं वाटलं होतं. पक्षी न मारता मरणाची परीक्षा घ्यायची, हे डोकं कुणाचं ते मला माहीत नाही, पण ते चांगलं डोकं आहे.

तिनं परीक्षा पुन्हा घेतल्या. सगळं हिरवं. जनरेटरचा तुकडा ती ओळ न् ओळ वाचत होती आणि वाचताना तिला एक जागा खटकली. जनरेटरला हुकूम दिला की पेटी समजायची, जनरेटर आला. तारेत खरंच लाईट आली का, हे ती बघतच नव्हती. वर, जनरेटर येतोय म्हटल्यावर उगीच बोंब नको म्हणून ती उष्म्याचा भोंगाही दाबून धरायची. त्या दुपारी ती तशीच वाट बघत बसली होती.

"सापडली की चूक," मी म्हणाले.

"चूक सापडली. पण टेस्टला ती का नाही सापडली? ह्या चुकीनं टेस्ट लाल व्हायला पाहिजे होती. अशा अजून किती असतील?"

दुसरी कुणी असती तर चूक दुरुस्त करून साहेबाला कळवून मोकळी झाली असती. मी तरी तेच केलं असतं.

शनिवारी दुपारपर्यंत ती त्यातच होती. जेवली नाही. मुलगा येऊन म्हणाला, "काढून टाकू ती पेटी, चक्रीचे दांडे बसवतो मी परत." ती म्हणाली, दांडे बसवा, पेटी काढू नका. माझ्या मुलानं तेवढं एक शहाणपणाचं केलं, दांडे बसवले.

ती एकसारखी परीक्षा घेत होती. तीनशे काहीतरी टेस्ट, सगळ्या एका दमात, लॅपटॉपच्या पडद्यावर हिरव्या ओळी सरसर पळायच्या. ते बघून मला आमची शाळा आठवली.

मी तिसरीत असताना गुरुजी सगळ्या वर्गाकडून पाढे म्हणून घ्यायचे. चाळीस पोरं एका सुरात. मला एकोणतीसचा पाढा कधीच आला नाही. मी तोंड हलवायचे. शेजारणीचा आवाज एवढा मोठा होता की माझ्याही तोंडून पाढा येतोय असंच गुरुजींना वाटायचं. वर्षभर मी पास. मग शाळा तपासायला साहेब आले आणि त्यांनी मला एकटीला उभं केलं.

"ती जनरेटरवाली एकटीला उबी कर," मी सुनेला म्हणाले.

"म्हणजे?"

"सगळ्यांच्या बरूबर नगं. एकटीलाच पाढा म्हनाय लाव."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग काही बटणं दाबली. पडद्यावर एकच ओळ आली, आणि ती लाल होती.

ती ओरडली नाही, हसली नाही. तिनं परत सगळ्यांच्या बरोबर घेतली. हिरवी. एकटीला घेतली. लाल. असं चार वेळा केलं. मग लॅपटॉप बाजूला ठेवून माझ्या पुढ्यातली लसणाची पाकळी उचलली आणि ती नुसतीच हातात धरून बसली.

"आत्या, नकली भोंगा एकच आहे," ती म्हणाली. "सगळ्या टेस्टना मिळून एकच केलाय. मीच केलाय, सहा महिन्यांपूर्वी, काम लवकर व्हावं म्हणून. उष्म्याची टेस्ट आधी होते. ती भोंगा वाजवते, बरोबर वाजवते. खूण होते. ती खूण कुणी पुसतच नाही. मग जनरेटरची टेस्ट येते. ती भोंगा वाजवतच नाही, पण शेवटी खूण बघितली तर आहेच. पास."

"दुसऱ्याची खून."

"दुसऱ्याची."

मी लसूण खाली ठेवला. "म्हंजी उष्म्याच्या टेस्टनं भाऊजींवानी केलं. वस्तू सगळ्यांची, वापरली, आन् व्हती तशी ठिवली न्हाई."

आता ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "मामांना सांगू नका."

"सांगनार," मी म्हणाले, आणि सांगितलंच.

रविवारी तिनं काम कसं केलं ते मी जवळ बसून बघितलं. आधी तिनं प्रत्येक टेस्टच्या शेवटी खूण पुसायची सोय केली. ते चाललं. जनरेटरची टेस्ट सगळ्यांच्या बरोबरही लाल झाली आणि आणखी तीन लाल झाल्या, ज्या इतके दिवस दुसऱ्याच्या खुणेवर पास होत होत्या. एक पडद्याची, दोन पाण्याच्या टाकीच्या. मला वाटलं झालं. तिला ते पुरेसं वाटेना.

"पुसायचं म्हणजे पुसणाऱ्याच्या लक्षात राहायला पाहिजे," ती म्हणाली. "उद्या नवीन टेस्ट कुणी लिहिली आणि पुसायला विसरला, की परत तेच."

मग तिनं सामाईक नकली भोंगा काढूनच टाकला. प्रत्येक टेस्टला आपला स्वतःचा नवा कोरा भोंगा, टेस्ट सुरू होताना बनवायचा आणि संपली की टाकून द्यायचा. मला ते लगेच कळलं. पंगतीत ताटं असली तर कुणीतरी एक नीट घासत नाही आणि पुढच्याला आधीच्याचं कालवण लागतं. पत्रावळ असली की जेवण झालं, गुंडाळली, टाकली. घासणाऱ्यावर भरवसा ठेवायला नको. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, कंपनीत मी हेच सांगणार.

त्याच्यावर तिनं आणखी एक केलं, ते मला सगळ्यात आवडलं. टेस्टचा क्रम दर वेळी आपोआप बदलायचा. आज ही आधी, उद्या ती आधी. कुणी कुणाच्या आवाजामागं तोंड हलवत असेल तर कधी ना कधी एकटं सापडतंच. आमच्या गुरुजींना हे सुचलं असतं, तर मला एकोणतीसचा पाढा आला असता.

मग जनरेटरचा तुकडा दुरुस्त केला, त्यापाठोपाठ पडद्याचा आणि टाकीचाही. आता पेटी हुकूम दिला म्हणून खूष होत नाही, तारेत लाईट येईपर्यंत थांबते, मिनिट झालं की ओरडते. चारही लाल टेस्ट हिरव्या झाल्या. या वेळी तिनं हिरव्यावर विश्वास ठेवला नाही. एकेकीला एकटीला उभं केलं, मग उलट क्रमानं, मग सगळ्यांना एकत्र. संध्याकाळी पाच वाजता तिनं साहेबाला फोन लावला.

तिनं सांगितलं ते असं: चूक माझी, भोंगा सामाईक ठेवला तो मी. चार टेस्ट खोट्या होत्या, त्यातली एक आमच्या पक्ष्यांना भोवली, बाकीच्या तीन दुसऱ्यांना भोवल्या असत्या. दुरुस्ती पाठवली आहे. साहेब म्हणाला, "तुम्ही लपवलं असतं तर मला कळलं नसतं."

"म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

सोमवारी काहीही चढलं नाही. तिचं पत्र मात्र पुढच्या महिन्यात आलं.

ती बॅच गेल्यावर शेड रिकामं होतं, तेव्हा तिनं खऱ्यावर करून बघितलं. नकलीवर कितीही झालं तरी एकदा खऱ्यावर बघायचं, असं ती म्हणाली. मुलाला जनरेटरची बॅटरी काढायला लावली आणि मेन स्विच पाडला. मी घड्याळ धरून उभी होते. मिनिट भरलं आणि असा भोंगा झाला की ओसरीवरचं कुत्रं उसात पळालं. दोन्ही अंगांचे पडदे धाडकन खाली. दीर चप्पल न घालता धावत आला.

"काय झालं? काय जळालं?"

"काय न्हाई," मी म्हणाले. "तुमची बॅटरी काढली. परत ठिवली का न्हाई, ते बघतोय."

"आता जलमभर बोला," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी श्रीगोंद्याला जाऊन त्यानं ट्रॅक्टरला वेगळी बॅटरी आणली. जनरेटरची बॅटरी आता साखळीनं बांधलेली आहे. साखळीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कनवटीला.

पेटी मात्र त्यानं घेतली नाही. म्हणाला, तुमचा भोंगा माझ्या घरापर्यंत ऐकू येतो, मला कशाला वेगळा?

पुढची बॅच आली. मेअखेरीस पक्षी तीस दिवसांचे झाले होते. सून पुण्याला कंपनीत गेली होती, दोन दिवसांसाठी, नवीन आलेल्यांना टेस्ट कशा लिहायच्या ते शिकवायला. मुलगा खाद्य आणायला गेलेला. दीर शेजारच्या गावाला लग्नात. मी एकटी ओसरीवर शेंगा फोडत होते. उन्हाचा कडाका तसाच होता, किंवा त्याहून जास्त.

लाईट गेली. मी शेंगांची पाटी बाजूला केली. जनरेटरचा घरघर आवाज झाला, दोनदा खोकला आणि बसला. बॅटरी जागेवर होती. डिझेलच्या नळीत हवा धरली होती, ते नंतर कळलं. मी चप्पल शोधत होते. एक चप्पल सापडली, दुसरी कुत्र्यानं नेली होती. तेवढ्यात भोंगा झाला. मी एका चपलेनं अंगणात आले तर पडदे खाली आलेलेच होते, वाऱ्यानं फडफडत होते. मोबाईलवर सुनेचा फोन.

"आत्या, मला इथं लाल दिसलं. पडदे पडले का?"

"पडले."

"आत जाऊन बघा."

"जाते. चप्पल शोधू दे."

"चप्पल राहू द्या हो!"

मी आत गेले. पक्षी कलकलाट करत होते, नेहमीसारखा, कान किटवणारा. मी पंप पाठीवर घेऊन पाणी मारायला लागले. दीर लग्नातून भोंगा ऐकून निघाला नव्हता, तेवढ्या लांब भोंगा जात नाही. कुणीतरी फोन केला तेव्हा तो निघाला, जेवण अर्धं टाकून. तोपर्यंत मी माझ्या शेडमधून त्याच्याकडं गेले होते आणि त्याची चक्री फिरवत होते. माझ्या वयाला ती जड जाते. लाईट अर्ध्या तासानं आली.

त्या दुपारी माझ्या शेडमधले सगळे पक्षी जगले. दिराच्या शेडमधले साठ गेले, बाकीचे जगले.